शीड, सनद आणि गिरमिट

वऱ्हाडात समुद्र नाही. खारे पाणी मात्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तरी पिण्याजोगे पाणी लागेलच असे नाही. आणि लोणारचे सरोवर तर खारेपणासाठीच प्रसिद्ध आहे. परंतु लाटा, वारा आणि क्षितिज यांच्यासह जो समुद्र येतो, तो आमच्यापासून सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. आमच्या वर्गांतील अनेक विद्यार्थ्यांनी तो प्रथम कवितेत पाहिलेला असतो, नंतर चित्रपटात आणि अलीकडे सहलींच्या जाहिरातींत.

या जाहिरातींकडे एक संहिता म्हणून पाहावे असे आम्हांला वाटते. दिवाळीच्या आणि लग्नसराईच्या सुमारास अमरावती-अकोल्याच्या वर्तमानपत्रांतून मॉरिशस, मालदीव, अंदमान अशा बेटांची आमंत्रणे येऊ लागतात. त्यांत विमान असते, हॉटेल असते आणि या सर्वांच्या शिखरावर एक दिवस असा असतो, की त्या दिवशी शिडाची नौका आपल्यासाठी भाड्याने घेतलेली असते. निळे पाणी, पांढरे शीड, माणसांचा मागमूस नसलेला किनारा आणि काहीही करावयाचे नसण्याचे सुख. या चित्राला इतिहास नाही, असे ते चित्रच आपल्याला सांगत असते. प्रस्तुत लेखात आम्हांला त्या चित्राचा इतिहास शोधावयाचा आहे. शिडाचे जहाज भाड्याने घेऊन उष्ण कटिबंधातील बेटावर जाणे ही गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. पावणेदोनशे वर्षांपूर्वीही तो अशा भाड्याच्या जहाजातून अशाच बेटावर गेला होता. फक्त तेव्हा जहाज भाड्याने घेणारा कोणी दुसराच होता.

प्रारंभ शब्दांपासून करू. या सहलींच्या परिभाषेत ‘चार्टर’ हा शब्द मध्यवर्ती आहे. मराठीत त्याला दोन प्रतिशब्द संभवतात. जहाजाच्या संदर्भात आपण साधेपणाने ‘भाड्याने घेणे’ म्हणतो. राज्यकारभाराच्या संदर्भात त्याच शब्दाला ‘सनद’ म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कागद. जहाज भाड्याने देण्याच्या कराराला युरोपातील व्यापारी ‘चार्टर-पार्टी’ म्हणत आले आहेत. त्याचा उगम ‘कार्टा पार्टिता’, म्हणजे दुभागलेला कागद, असा आहे. करार एकाच कागदावर दोनदा लिहावयाचा, कागद मधोमध तोडावयाचा, एक भाग जहाजमालकाकडे आणि दुसरा भाडेकऱ्याकडे. वाद उद्भवला तर दोन्ही तुकडे जुळवून पाहावयाचे. अर्थात, सागरप्रवासाच्या आरंभी वाऱ्याच्याही आधी कागद असतो.

‘यॉट’ हा शब्द डच. पाठलागासाठी वापरल्या जाणाऱ्या वेगवान नौकेचे ते नाव. १६६० मध्ये इंग्लंडच्या गादीवर परतलेल्या दुसऱ्या चार्ल्सला डचांनी ‘मेरी’ नावाची अशी एक नौका भेट दिली आणि केवळ हौसेखातर समुद्रावर हिंडण्याचा छंद इंग्लंडच्या दरबारात शिरला. १६६१ मध्ये चार्ल्स आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी ग्रीनिचहून ग्रेव्हसेंडपर्यंत शंभर पौंडांच्या पैजेने आपापल्या नौकांची शर्यत लावली. त्याच वर्षी पोर्तुगालशी झालेल्या विवाहकरारात याच राजाला मुंबई बेट आंदण मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते सालिना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. सागरविहाराची हौस आणि मुंबईची सनद एकाच राजाच्या हातात, एकाच वर्षी आली. हा केवळ योगायोग खरा. परंतु पुढील दोन शतकांत या दोन गोष्टी एकाच बंदरात कशा नांदल्या हे पाहिले, म्हणजे तो योगायोग विसरण्याजोगा राहत नाही.

आता आपल्या बाजूचा समुद्र पाहू. मराठी इतिहासात समुद्र आहे, आणि तो गौण नाही. सिंधुदुर्गाचा पाया १६६४ मध्ये घातला गेला. पुढच्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी १६६५ मध्ये, शिवाजी महाराज स्वतः मालवणहून आरमारासह कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरवर चालून गेले. कान्होजी आंग्रे यांचे दस्तक नसलेले गलबत कोकणच्या पाण्यात निर्धास्त नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात लाकूड कोणते तोडावे, रयतेची आंब्या-फणसाची झाडे का तोडू नयेत, पावसाळ्यात आरमाराची छावणी कशी करावी याचा बारकाईने विचार केलेला आढळतो. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी या समाजांचे तर अवघे जीवनच या पाण्यावर उभे होते. परंतु या साऱ्या समुद्राचे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. तो राज्याचा समुद्र आहे, व्यापाराचा आहे, जकातीचा आहे, मासळीचा आहे. तो कामाचा समुद्र आहे. बिनकामाने त्यावर जावे ही कल्पना त्यात नाही.

याच्या जोडीला शास्त्राचा समुद्र होता, आणि तो निषिद्ध होता. बौधायन धर्मसूत्राने समुद्रगमनाची गणना पातित्य आणणाऱ्या कृत्यांत केली. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीने हा निषेध पक्का केला. ज्याला सावरकरांनी पुढे ‘सिंधुबंदी’ म्हटले, ती हीच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बंदीवर महाराष्ट्रात मोठा खल झाला. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांना आपल्या जाण्याचे समर्थन श्रीरामपूरच्या जाहीर सभेत करावे लागले. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्यांचा ‘इंग्लंडचा प्रवास’ मराठीत आला. आपल्या वाङ्मयेतिहासात मराठी माणसाचे समुद्रोल्लंघन साधारणपणे याच सुमारास सुरू होते. प्रायश्चित्त घ्यावे की न घ्यावे, पंक्तीला बसवावे की न बसवावे, या प्रश्नांनी त्या काळची वृत्तपत्रे भरून गेलेली आहेत.

आमचा मुद्दा येथे सुरू होतो. हा खल चालू झाला, तेव्हा मराठी माणसांना समुद्र ओलांडून चाळीस-पन्नास वर्षे होत आली होती.

मॉरिशस हे हिंदी महासागरातील बेट. १५९८ मध्ये तेथे उतरलेल्या डचांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे, नाव त्याला दिले. पुढे ते फ्रेंचांकडे आणि १८१० मध्ये इंग्रजांकडे गेले. बेटाची संपत्ती उसात होती आणि ऊस आफ्रिका व मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभा होता. १८३५ च्या फेब्रुवारीत तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. मळेवाल्यांना ही तारीख आधीच ठाऊक असल्याने त्यांनी पर्यायी हातांचा शोध अगोदरच सुरू केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ हे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढील आठ-नऊ दशकांत सुमारे पाच लाख भारतीय मजूर या बेटावर उतरले. गैरप्रकारांच्या तक्रारींमुळे काही वर्षे ही वाहतूक बंद होती. १८४२ च्या कायद्याने ती पुन्हा खुली झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर मुंबई हेही अधिकृत बंदर ठरले. तेथून कोकणातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी व श्रमिक जातींची माणसे निघाली. कलकत्त्याच्या तुलनेने त्यांची संख्या लहान होती. परंतु तिच्यातूनच मॉरिशसचा आजचा मराठी समाज निर्माण झाला.

ही माणसे ज्या जहाजांतून गेली ती शिडाची होती आणि बहुधा भाड्याने घेतलेली होती. जहाजमालक एक, माल भरणारा दुसरा, पैसे मोजणारा तिसरा. जहाजासाठी एक कागद होता, त्याला आपण वर ‘सनद’ म्हटले. माणसासाठीही एक कागद होता. त्या इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. साधारणपणे पाच वर्षांची बांधिलकी, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत मळ्यांवर होती. जहाजाचा कागद दोन भागांत तोडला जाई आणि दोन्ही पक्षांजवळ राही. गिरमिटाचा कागद ज्याच्या नावाचा असे, त्याला तो बहुधा वाचता येत नसे. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. एकाच जहाजावर दोन करार आहेत. एका कराराचा धनी वाटेल त्या बंदराकडे नाळ वळवू शकतो. दुसऱ्या कराराचा धनी स्वतःच माल आहे.

या फरकाचे सर्वांत नेमके मोजमाप परतीच्या प्रवासात सापडते. आरंभीच्या करारांत मुदत संपल्यावर मजुराला फुकट परत पाठविण्याची तरतूद होती. १८५० नंतरच्या काही वर्षांतच मॉरिशसला नव्याने जाणाऱ्यांचा हा हक्क काढून घेण्यात आला. ज्याला परत यावयाचे असेल त्याने आपल्या पैशाने यावे. पाच रुपयांच्या मजुरीतून ते किती जणांना साधले असेल, याचे उत्तर आजच्या मॉरिशसच्या लोकसंख्येत आहे. सहल आणि हद्दपारी यांतील भेद समुद्राच्या रंगाने ठरत नाही, जहाजाच्या जातीने ठरत नाही, वाऱ्यानेही ठरत नाही. परतण्याचा हक्क कोणाच्या कागदावर लिहिलेला आहे, यावर तो ठरतो.

मुंबई बंदराचे चित्र येथे पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. १८४६ मध्ये तेथे बॉम्बे यॉट क्लब स्थापन झाला. १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. म्हणजे मजुरांची जहाजे मॉरिशसकडे जात होती, त्याच वर्षांत त्याच पाण्यात गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हौशी नौका शर्यती करीत होत्या. ईशान्येचा जो वारा एका शिडात भरे, तोच दुसऱ्या शिडात भरत असे. चार्ल्सच्या हातांतील त्या दोन गोष्टी, हौस आणि सनद, येथे शेजारी शेजारी तरंगताना दिसतात. आपल्याकडे जलविहार हा शब्द संस्कृत काव्यातून होता. परंतु खुल्या समुद्रावरची हौस ही या क्लबाच्या रूपाने आली, आणि देशी माणसाला तिच्यात दीर्घकाळ सभासदाचे स्थान नव्हते.

बेटाचे जे स्वर्गीय चित्र जाहिरातींत दिसते, ते मुळात साहित्याने घडविलेले आहे, हे साहित्याच्या अध्यापकांनी तरी विसरू नये. बेर्नार्दां द सँ-पिएर या फ्रेंच लेखकाची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी १७८८ ची. तिचे स्थळ मॉरिशस. निसर्गाच्या कुशीत वाढलेली दोन निष्पाप मुले, त्यांचे प्रेम आणि शेवटी किनाऱ्याजवळ फुटलेले जहाज. सबंध युरोपात ही कादंबरी वाचली गेली आणि उष्ण कटिबंधातील बेट म्हणजे पापापूर्वीचे नंदनवन, ही प्रतिमा तिने रुजविली. त्या नंदनवनात गुलामही आहेत. पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते पॉल आणि व्हर्जिनी. १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा रस्ते बांधणारे भारतीय कैदी त्याच्या नजरेत भरले. १८१५ नंतरच्या दोन दशकांत बंगाल आणि मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी तेथे पाठविले जात असत. डार्विनने त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांची आणि शांत, नेकीच्या वागण्याची आवर्जून नोंद केली आहे. प्रवासवर्णनाच्या एका थोर ग्रंथात मुंबईच्या कैद्यांना अशी चार ओळींची जागा मिळाली. त्यांच्या स्वतःच्या शब्दांना मात्र कोठेच मिळाली नाही.

या इतिहासाचा सर्वांत बोचरा बिंदू मॉरिशसच्या उत्तरेस आहे. तेथे फ्लॅट आयलंड आणि त्याला लागून गॅब्रिएल अशी दोन लहान बेटे आहेत. १८५६ च्या जानेवारीत कलकत्त्याहून आलेल्या ‘हैदरी’ आणि ‘फत्ते मुबारक’ या दोन जहाजांवर पटकीची लागण असल्याचे दिसून आले. मुख्य बेटावर रोग येऊ नये म्हणून मजुरांना गॅब्रिएल बेटावर उतरविण्यात आले. तेथे पुरेसा निवारा नव्हता, पाणी नव्हते. शेकडो माणसे त्या वाळूत मेली. प्रकरण इतके गाजले, की भारत सरकारला मॉरिशसकडे जाणारी मजुरांची वाहतूक काही काळ थांबवावी लागली. आज हेच गॅब्रिएल बेट एक दिवसाच्या नौकाविहाराचे आवडते ठिकाण आहे. ग्रँड बे येथून निघालेल्या कॅटामरान नौका तेथे नांगर टाकतात, प्रवासी उथळ पाण्यात डुंबतात, वाळूत जेवतात आणि संध्याकाळी परत येतात. नौकेचे ‘कॅटामरान’ हे नावही कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांच्या ‘कट्टुमरम्’वरून, म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांवरून, आलेले आहे. ‘माणसांचा मागमूस नसलेला किनारा’ या शब्दांचा अर्थ येथे बदलतो. तो किनारा मुळात निर्मनुष्य नव्हता. तेथील माणसांची नावे पुसली गेली, म्हणून तो निर्मनुष्य झाला.

फ्रेंच साहित्याने या बेटांची दखल पुन्हा घेतली. मॉरिशसशी घराण्याचे नाते असलेल्या ल क्लेझिओ या लेखकाची ‘ला कारांतेन’ ही १९९५ ची कादंबरी याच फ्लॅट आयलंडवरील विलगीकरणाभोवती फिरते. हिंदीत अभिमन्यू अनत यांची ‘लाल पसीना’ १९७७ मध्ये आली. इंग्रजीत अमिताव घोष यांनी ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८) मध्ये मॉरिशसला निघालेल्या शिडाच्या जहाजावर एक सबंध भाषिक विश्व उभे केले. मराठीत अनंत सामंत यांच्या ‘एम. टी. आयवा मारू’सारखी जहाजावरील जीवनाचा ठाव घेणारी कादंबरी आहे; पण आम्ही वर्गात समुद्र शिकवतो तो प्रामुख्याने सावरकरांचा. तो तळमळीचा आणि काळ्या पाण्याचा आहे. ‘माझी जन्मठेप’मधील अंदमान मराठी मनात इतके खोल रुजले आहे, की आजही पोर्ट ब्लेअरच्या सहलीत मराठी पर्यटक सेल्युलर जेल चुकवत नाही. तेथे सहलीला तीर्थयात्रेचे गांभीर्य येते, आणि ते योग्यच आहे. प्रश्न असा, की मॉरिशसला जाताना ते का येत नाही? अंदमानातील बंदिवानाने ग्रंथ लिहिला. मॉरिशसमधील गिरमिटियाने लिहिला नाही, हे त्याचे एक उत्तर. स्मृतीलासुद्धा साक्षरता लागते.

या साऱ्याशी वऱ्हाडचा संबंध काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो आहे, आणि दूरचा नाही. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेले, ते मुख्यतः कापसाच्या प्रदेशाचे महत्त्व ओळखून. तोवर येथील कापूस बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल दूर मिर्झापूरला जाई आणि तेथून गंगेच्या मार्गाने पुढे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामांच्या श्रमावर पिकणारा तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे जगाचे लक्ष गेले. १८६७ मध्ये अकोला-बडनेऱ्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो याने खामगावच्या शाखेचे उद्घाटन केले. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला होईपर्यंत आमच्या रुईच्या गाठी मुंबईहून शिडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून लिव्हरपूलला जात. वऱ्हाडच्या माणसाने समुद्र पाहण्यापूर्वी वऱ्हाडच्या कापसाने तो पाहिला होता.

येथे दोन धाग्यांची गाठ बसते. मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली तेव्हा उसाला कोकणातले हात हवे झाले. अमेरिकेत ती संपण्याच्या मार्गाला लागली तेव्हा कापडाला वऱ्हाडची माती हवी झाली. एका ठिकाणी माणसे जहाजात भरली गेली, दुसऱ्या ठिकाणी माणसे जागीच राहिली आणि त्यांचे पीक जहाजात भरले गेले. ज्वारीच्या जमिनीवर कापूस पसरला आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत वऱ्हाडने मोजली. समुद्र न पाहताही समुद्रावरील व्यापाराचे चटके सोसता येतात, हे आमच्या भागातील शेतकऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही. दूरच्या बाजारातील भावाने गावातले लग्न पुढे ढकलले जाते, हा अनुभव त्याला आजही आहे.

वऱ्हाडच्या माणसाने समुद्र ओलांडल्याचे एक ठळक उदाहरण अमरावतीचे आहे. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली आणि त्यांना बोटीने ब्रह्मदेशात नेऊन पुढे मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच वर्षी दादासाहेब खापर्डे टिळकांचे अपील प्रिव्ही कौन्सिलपुढे नेण्यासाठी बोटीनेच इंग्लंडला गेले आणि १९१० मध्ये परतले. परततानाच ते मंडालेला टिळकांना भेटले. दैनंदिनी लिहिणारा हा रसिक गृहस्थ. त्यांच्या रोजनिशा हा त्या काळाचा मोठा दस्तऐवज आहे. एकाच वर्षी दोन मित्र दोन बोटींत बसले. एकाजवळ तिकीट होते, दुसऱ्याजवळ शिक्षेचा हुकूम. पुन्हा कागदच. मात्र या दोघांनाही लिहिता येत होते, म्हणून दोन्ही प्रवास आपल्यापर्यंत पोहोचले.

नौका भाड्याने घेऊन सुटी घालविण्याची आजची पद्धत या सर्वांच्या मानाने अगदी अलीकडची. कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर, इंग्रजांच्या ओस पडलेल्या आरमारी गोदीत, १९४९ मध्ये व्हर्नन निकल्सन या निवृत्त नौदल अधिकाऱ्याने आपली शिडाची नौका पाहुण्यांना भाड्याने देण्यास आरंभ केला. १९६९ मध्ये ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी निघाली आणि खलाशांशिवाय नुसती नौका भाड्याने देण्याचा व्यवसाय तिने वाढविला. ही बेटेसुद्धा उसाची आणि गुलामांचीच. साखर गेली, शिडे राहिली. मळ्याची अर्थव्यवस्था मोडली तेथे पर्यटनाची उभी राहिली. आणि जो किनारा पूर्वी श्रम मागत होता, तो आता विश्रांती विकू लागला. यात केवळ उपरोध पाहणे अन्यायाचे होईल. त्या बेटांवरील माणसांची चूल आज त्याच पर्यटनावर पेटते. आमच्या भागातून जाणाऱ्या नवदांपत्याने अपराधी मनाने समुद्र पाहावा, असे आम्हांला सुचवावयाचे नाही. कष्टाने साठविलेल्या पैशातून घेतलेला चार दिवसांचा आनंद हाही एक हक्कच आहे. सिंधुबंदी, चाकरी आणि शिक्षा या तिन्ही वाटांनी ज्या समाजाला समुद्र भेटला, त्या समाजातील एखादी मुलगी अकोल्याहून निघून केवळ आनंदासाठी शिडाच्या नौकेत बसते, ही घटना इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

शिडाशी मराठी माणसाचे स्वेच्छेचे नाते कोठवर जाऊ शकते, हे २००९-१० मध्ये दिसले. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली, नाव गोव्याच्या नदीचे. प्रदक्षिणेपूर्वीच्या सरावात दोंदे मॉरिशसला गेले होते आणि तेथून एकटेच शिडावर परत आले. साहसाच्या वृत्तांतात हा तपशील किरकोळ ठरतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र तो मोलाचा आहे. ज्या मार्गाने मराठी मजुरांना परतीचा हक्क नव्हता, त्याच पाण्यावरून एक मराठी माणूस स्वतःच्या हाती सुकाणू धरून परत आला.

शेवटी आमच्या व्यवसायाचा प्रश्न. ‘प्रवासवर्णन’ हा वाङ्मयप्रकार आम्ही शिकवतो, त्याची व्याख्या सांगतो. लेखकाचे व्यक्तिमत्त्व, निसर्गाचे चित्रण, अनुभवाची टवटवी, भिन्न संस्कृतींची तुलना. ही सर्व लक्षणे स्वेच्छेने निघालेल्या आणि परत येऊन लिहिणाऱ्या प्रवाशाची आहेत. परतीचे तिकीट हा या वाङ्मयप्रकाराचा न लिहिलेला नियम आहे. जो परतला नाही, ज्याला लिहिता आले नाही, त्याचा प्रवास आपल्या व्याख्येत बसत नाही. परंतु त्याच्याही संहिता आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मॉरिशसला उतरलेल्या मजुरांची नोंदणीपुस्तके जतन केलेली आहेत. नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पुढच्या काळातील काहींची छायाचित्रेही आहेत. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील ज्या दगडी पायऱ्या चढून ते वर आले, ते आप्रवासी घाट हे स्थळ २००६ पासून जागतिक वारसा आहे. तेथील मराठी समाजाने कोकणच्या जाखडीशी नाते सांगणारी ‘झाकरी’ टिकवली, गणेशचतुर्थी टिकवली. तिला तेथे सार्वजनिक सुटी असते. कास्कावेल या गावी १८९६ पासून गणपती बसतो असे तेथील परंपरा सांगते. नोंदवहीतील एक ओळ, झाकरीची एक चाल, समुद्रात विसर्जन पावणारी मूर्ती, हे सारे प्रवासवर्णनच आहे. ते वाचण्याची रीत आपण घडविलेली नाही, एवढेच.

समुद्रापासून सहाशे किलोमीटरांवर बसून हे काम करता येईल काय? येईल, असे आम्हांला वाटते, कारण त्यासाठी किनारा लागत नाही. जाहिरात वाचताना ती कोणाचा कागद आहे हे विचारण्याची सवय लागते. पदव्युत्तर वर्गाच्या विद्यार्थ्याने एखाद्या सत्रात ‘इंग्लंडचा प्रवास’, ‘माझी जन्मठेप’ आणि गिरमिटाच्या नोंदवहीचे एक पान शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर या तीन प्रवाशांपैकी परत कोण आले, कोणाच्या खर्चाने आले आणि कोणाला लिहिता आले, एवढे तीन प्रश्न त्याने प्रत्येकाला विचारावेत. पुढे कधी तो स्वतः त्या बेटावर गेला आणि भाड्याच्या नौकेने गॅब्रिएलच्या वाळूवर उतरला, तर त्याने अवश्य पोहावे, अवश्य जेवावे. फक्त तो किनारा निर्मनुष्य आहे, असे घरी लिहू नये.